किल्लेदारांचा फुकटातला डोळा

“डिझायनर कशाला हवा? चार साइटी उघडतो, चार लोगो काढतो, चार गल्ल्यांत लावतो. ज्या गल्लीतून गिऱ्हाईक येईल ती साइट पास, बाकीच्या नापास! याला म्हणतात तौलनिक अभ्यास!”

एवढं बोलून किल्लेदारांनी चहाचा कप बशीत असा आपटला, की भिंतीवरच्या सगळ्या किल्ल्या खुळखुळल्या. त्यांना वाटलं, टाळ्या पडल्या.

किल्लेदार म्हणजे कुठल्या गडाचे धनी नव्हेत बरं! बाजाराच्या टोकाला, जिन्याखालच्या कोनाड्यात त्यांचं कुलूपदुरुस्तीचं दुकान. किल्ल्या करून देतात म्हणून लोकांनीच ठेवलेलं हे नाव. दुकान एवढंसं, की नवराबायको दोघं आत असली तर एकानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. पण हाताला गुण होता. हट्टाला पेटलेलं कुलूप त्यांच्या तळव्यावर आलं, की तापातून उठलेल्या लेकरासारखं निमूट व्हायचं. अर्ध्या वस्तीची दारं त्यांनी उघडून दिली होती आणि उघडलेल्या दारातून कधी आत डोकावून पाहिलं नव्हतं. कुलूपवाल्याचं भांडवल तरी काय? कानस, पकड आणि लोकांचा विश्वास. कानस मोडली तर नवी मिळते.

सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात समोरच एक चकचकीत दुकान उघडलं. यंत्रावर किल्ली, काचेचं दार आणि पाटीवर सोनेरी सिंह! त्या सिंहाकडे बघून बघून किल्लेदारांची झोप उडाली.

“आपल्यालाही लोगो पाहिजे,” ते म्हणाले. “आणि तो फुकट मिळतो!”

“फुकट म्हटलं की तुमचे कान सशासारखे उभे राहतात,” बायको म्हणाली. पण तिनंच मोबाइल चार्जिंगवरून काढून हातात दिला.

पहिली साइट फार आस्थेवाईक निघाली. आवडता रंग कोणता, स्वभाव कसा, तुमचा धंदा माणूस असता तर कसा असता? किल्लेदारांनी विचार करून लिहिलं, ‘गुडघे दुखतात, पण हसतमुख.’ साइटीनं सुरेख ढाल काढून दिली, आणि उतरवून घ्यायला गेले तर पैसे मागितले! ताट वाढून हात धरला! फुकटात मिळाली ती पोस्टाच्या तिकिटाएवढी. दुसऱ्या साइटीवर तयार नक्ष्यांचा बाजारच भरला होता. पण तीच ढाल व्यायामशाळेला, तीच रक्ततपासणीवाल्याला, तीच मोटार शिकवणाऱ्याला. तिसरीनं घर काढलं, छान काढलं, आणि त्यावर आपल्या नावाच्या करड्या तिरप्या रेघा अशा ओढल्या, की घर गजांआड गेलेलं दिसावं.

चौथी साइट मात्र काहीच विचारत नव्हती. एक रिकामी चौकट आणि वर एवढंच: मनात असेल ते लिहा.

किल्लेदारांनी लिहिलं: घर. दार. विश्वास. आम्ही सदैव जागे.

चाक फिरलं. फिरत राहिलं. पडदा काळा झाला, तो इतका वेळ काळा राहिला, की बायको म्हणाली, “बिघडवलात वाटतं!” आणि मग त्या काळ्यातून, विहिरीच्या तळातून पाणी वर यावं तसं, हळूहळू एक किल्लीचं भोक वर आलं. भोकामागे एक डोळा होता.

ना तो पुरुषाचा, ना बाईचा. ना रागाचा, ना मायेचा. त्याला पापणी नव्हती. म्हणजे मिटायची सोयच नव्हती.

“अहो, हा माझ्याकडे बघतोय,” बायको भिंतीला टेकत म्हणाली.

“छे! माझ्याकडे बघतोय,” किल्लेदार शटरपाशी उभे राहून म्हणाले.

दोघंही खरं बोलत होती.

“हा नको,” ती म्हणाली.

“अगं, वेडी का तू? नजर खिळली पाहिजे, हेच तर लोगोचं काम! हा सिंहाला खाऊन टाकील!”

“आणि दुकानाचं नाव? नंबर?”

आता गंमत अशी, की अक्षरं टाकायची म्हटली की चारही साइटींचा फुकटेपणा संपत होता. किल्लेदारांनी छाती पुढे काढली. “मोठे लोक आधी नुसती खूण दाखवतात. ती मनात रुजते. माणूस तळमळतो, हे कुणाचं, हे कुणाचं! मग नाव.”

“पेनानं लिहा ना खाली.”

“पेनानं? तौलनिक अभ्यासात?”

तिनं पेन परत डब्यात टाकलं.

चारही खुणांचे स्टिकर छापून आले. ढाल गेली बाजारामागे, दुसरी ढाल शाळेमागे, गजांआडचं घर टाकीपाशी. डोळा गेला बंद बोळात. हा बोळ एका तोंडानं उघडा, दुसऱ्या टोकाला भिंत. आत शिरलेला वारासुद्धा तिथे वाट न सापडल्यासारखा घुटमळतो. किल्लेदार भर दुपारी गेले. माणसं जेवून आडवी झालेली. दारापुढे पायरी, पायरीवर ऊन, उन्हात कुणी नाही. दोरीवरचे सदरे हात लोंबकळत टाकून उभे. कुलूपवाल्यांची रीत अशी, की स्टिकर कुलपाशेजारीच लावायचा, म्हणजे अडचणीत सापडलेल्याच्या तो आधी डोळ्यांत भरतो. त्या रीतीनं त्यांनी दारादारांवर डोळा लावला, अंगठ्यानं मायेनं दाबला आणि बोळातून बाहेर पडताना वळून पाहिलं. सगळी दारं त्यांच्याकडे बघत होती.

“वा!” ते म्हणाले. पण जरा हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत बोळातला शिंपी येऊन उभा! गळ्यात टेप, चेहरा खडूसारखा.

“नवं कुलूप पाहिजे. आजच्या आज.”

किल्लेदारांच्या मनात लाडू फुटले. पण लोगोचं नाव आपण होऊन काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. गिऱ्हाइकाला सुचवलं की अभ्यास बिघडतो!

“दारावर काही दिसलं का?” त्यांनी सहज विचारलं.

शिंपी दचकला. “तुम्हाला कसं कळलं?”

“आमच्या धंद्यात कळतं,” किल्लेदार गालात हसले.

“म्हणजे... आणखी कुणी आलं होतं?”

“अजून नाही. पण येतील. एकेक करून अख्खा बोळ येईल!”

शिंपी मटकन स्टुलावर बसला. बायकोनं त्याला पाणी दिलं. त्यानं ते प्यायच्या आधी पेल्यात वाकून पाहिलं.

आणि खरोखरच बोळ आला! कुणाला दोन कड्या हव्या होत्या, कुणाला आतून अडसर. सगळे कुजबुजत बोलत आणि बोलताना मागे बघत. बोळाच्या टोकाला राहणाऱ्या मोठ्या बाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आवाजात अजून घंटा. त्या म्हणाल्या, “दाराला बाहेर बघायचं भोक आहे, ते बुजवा.”

“का हो बाई? सोयीचं असतं. बाहेरचा दिसतो.”

“बाहेरच्यालाही दिसत असेल,” बाई म्हणाल्या.

ढालींच्या दोन्ही गल्ल्या गप्प, गजांआडचं घर गप्प. एकट्या डोळ्यानं रान पेटवलं होतं. “चौथी साइट पहिली आली!” किल्लेदार बायकोला म्हणाले. तिनं विचारलं, “पण ही माणसं आनंदात का दिसत नाहीत?” “कुलूप घ्यायला कोण नाचत येतं?” त्यांनी उडवून लावलं.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकली. काम करायला बोळात गेले तर दारांवरचे डोळे कुणीतरी खरवडून काढलेले! नखांच्या खुणा, कागदाची लक्तरं. किल्लेदारांनी ओठ आवळले. दुसरं कोण असणार? सिंहवाला! मग तेही इरेला पेटले. दुपारी माणसं आडवी झाली, की हे गुपचूप जाऊन खरवडलेल्या जागी नवा डोळा लावून येत. संध्याकाळी तो खरवडलेला, दुसऱ्या दुपारी पुन्हा ताजा! आणि नवं कुलूप बसवलं, की शिरस्त्याप्रमाणे बसवणाऱ्याची खूण दाराच्या आतल्या बाजूलाही लावतातच. तशी तीही लावत गेले. घरातली माणसं तोवर आतल्या खोलीत पोरांना जवळ घेऊन बसलेली असत. काम झालं की हे हाक मारत, “येतो हं!” आणि दार ओढून घेत.

त्यानंतर बोळ बदलला. दोरीवरचे सदरे दिवसा उतरले. मांजरं पायऱ्या सोडून भिंतीवर गेली. पोरांचे खेळ थांबले आणि भिंतीशी पडलेला चेंडू कुणी उचलीना. घराघरांतून एकच बोलणं, तेही दबक्या आवाजात: खरवडला की उगवतो. आणि नवं कुलूप लावलं, की आत येतो. शेवटी लोकांनी खरवडणंही सोडलं.

हे सगळं किल्लेदारांना ठाऊक नव्हतं. म्हणून मोठ्या बाईंकडून सांगावा आला, “संध्याकाळी बोळाची बैठक आहे, तुम्ही हवेच,” तेव्हा त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला. “कौतुक करतील बहुतेक. दोन शब्द बोलायला लागतील,” म्हणत आरशासमोर घसा साफ केला.

बाईंच्या पुढच्या खोलीत अख्खा बोळ दाटीवाटीनं बसला होता. खिडक्या लावलेल्या. दाराच्या आतल्या बाजूला टॉवेल टांगलेला होता. किल्लेदार बसताच बाई उठल्या, हातातल्या पट्टीनं त्यांनी टॉवेल उचलला आणि म्हणाल्या, “हा.”

डोळा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो ओला दिसत होता.

किल्लेदारांनी ‘माझाच’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शिंपी बोलला. “आमची आई जेवायला बसत नाही. म्हणते, तो घास मोजतो.” कुणी म्हणालं, “आमच्याकडे त्याला घरातली हाक ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही एकमेकांना खुणेनं बोलावतो.”

किल्लेदारांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“मी आधी घाबरले,” बाई म्हणाल्या. “मग विचारायला लागले, बाबा रे, तुला हवंय काय? खरं सांगू? घरात शिरल्यावर कुणाकडे तोंड करून बोलावं, असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. काल मी त्याला भाजी काय केली तेसुद्धा सांगितलं.” त्या थांबल्या. “म्हणजे मी कुठवर आलेय बघा.”

बाई किल्लेदारांकडे वळल्या. “तुम्हाला दारं कळतात. कुणाचं काम हे?”

“कळेल,” किल्लेदारांच्या तोंडून कसंबसं निघालं. “म्हणजे... शोधावं लागेल.”

“शोधा. तोवर एक करा. कुणाचाच कुणावर भरवसा उरलेला नाही. आमच्या घरांच्या जादा किल्ल्या तुमच्याकडे ठेवा. काही झालं तर धावून येणारा एक तरी माणूस पाहिजे.”

आणि एकेक जण उठला आणि किल्लेदारांच्या मांडीवर किल्ली ठेवून गेला. थंडगार, जड. शिंप्यानं तर दोन्ही हातांनी ठेवली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आत्ता जा आणि सांगून टाका.”

“काय सांगू? कुलूपवाल्यानंच दारांवर खुणा केल्या, आणि माणसं भ्यायल्यावर त्यांनाच कुलपं विकली? अगं, जन्मात कुणी हातात किल्ली देईल का?”

तिनं एकेक किल्ली पुसून फडक्यात बांधली.

मग त्यांनी ठरवलं, काही न बोलता सगळे डोळे काढून आणायचे; आधी बाहेरचे, मग कुलपांना तेल घालायच्या निमित्तानं आतले. खूण गेली की भीती जाईल, भीती गेली की लोक गोष्ट विसरतील. दुसऱ्या दुपारी खांद्याला पिशवी, हातात पातं आणि ओलं फडकं घेऊन ते बोळात शिरले. एक डोळा सोडवला, पिशवीत टाकला. दुसरा सोडवला. दमले की भिंतीला पाठ टेकत, पिशवी मागे ढकलत, पुन्हा पुढच्या दाराशी जात. बोळ असा निःशब्द, की पात्याची खरखर त्यांना स्वतःच्याच दातांत ऐकू येत होती.

शेवटचं दार झालं. ते परत फिरले. आणि मागे कुठेतरी खिडकी लागली. खट्!

ते थांबले. वळले. कुणी नाही.

चार पावलं टाकली. खट्! दुसरी खिडकी. तीही मागचीच. पुढच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यांत पडदे शांत होते. ते ओलांडून पुढे गेले, की त्या लागत. मागून कुणीतरी श्वास आत ओढला. कुणाची तरी पावलं निघाली; हे थांबले तशी थांबली.

“कोण आहे?” किल्लेदार म्हणाले. त्यांचाच आवाज बंद भिंतीवर आपटून परत आला, आणि येताना जरा वेगळा होऊन आला.

तुम्हाला सांगतो, माणसानं स्वतः काढलेलं, स्वतः छापलेलं, स्वतःच्या अंगठ्यानं चिकटवलेलं चित्र! पण त्या क्षणी किल्लेदारांना वाटलं, तो काळा पडदा आपण उघडला नव्हता, त्यानंच आतून दार उघडलं होतं. आपण फक्त लिहिलं होतं, ‘सदैव जागे’. कोण जागे, हे कुठे लिहिलं होतं? त्यांच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मधे, कुणीतरी बघत असल्यासारखी एक जागा गार झाली. ते धावत सुटले! खट्! खट्! खट्! मागे खिडक्या लागतच राहिल्या.

दुकानात शिरून त्यांनी शटर ओढलं; ते गुडघ्याशी अडकलं, ते तसंच साखळीनं बांधलं. कुलूप घातलं. त्याला दुसरं कुलूप घातलं.

“अहो, काय झालं? आणि इकडे वळा बघू,” बायको म्हणाली. “हे काय तुमच्या पाठीवर?”

पाठीवर, बरोबर त्या गार जागी, पिशवीतून निसटलेला एक डोळा चिकटला होता. अख्ख्या बोळातून त्यानं मागच्या प्रत्येकाकडे बघत प्रवास केला होता.

किल्लेदार हसणार, तोच शटरखाली पावलं दिसली. पुष्कळ पावलं.

“किल्लेदार!” बाईंचा आवाज. “घाबरू नका. आम्ही आलोय.”

कुलपं काढून शटर वर केलं. अख्खा बोळ! शिंप्याच्या हातात मोठी कात्री. कुणी टॉर्च आणला होता, कुणी पाण्याची बाटली. बाईंच्या हातात घडी केलेलं पांघरूण होतं. ते त्यांनी किल्लेदारांच्या खांद्यावर घातलं.

“आम्ही खिडकीतून पाहिलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या दारांवरून त्याला सोडवत होतात तुम्ही. एकटे. कुणाला न सांगता. आणि त्यानं तुम्हालाच धरलं.”

“माझ्या घरी चला दोघं,” शिंपी म्हणाला. तो सगळ्यांच्या पुढे उभा होता. “मी दारात झोपतो. येऊ दे त्याला!”

दगड मारले असते तर किल्लेदारांनी सोसले असते. पांघरूण सोसवेना.

“डोळा माझा आहे,” ते म्हणाले.

“भ्रम झालाय बिचाऱ्यांना,” शिंपी हळूच म्हणाला. “पाणी द्या.”

“नाही हो! माझा लोगो आहे तो! दाखव गं!”

बायकोनं मोबाइल पुढे धरला. पडद्यावरून डोळ्यानं सगळ्यांकडे एकदमच पाहिलं. बोळ एक पाऊल मागे सरला. बाई सरल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला.

“कुठून आला हा?”

“फुकट मिळाला,” किल्लेदार म्हणाले.

मग सगळं सांगितलं. साइटी, ढाली, चार गल्ल्या, सगळं.

शिंप्यानं कात्री खाली केली. “म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “आधी आमच्या दाराला भीती चिकटवलीत. मग आम्हाला कुलूप विकलंत. आणि काल आमच्या किल्ल्याही घेतल्यात.”

नेमकं हेच वाक्य ऐकायचं नव्हतं म्हणून त्यांनी एवढी धावाधाव केली होती. किल्लेदारांनी खण उघडला, बोळाच्या किल्ल्या काउंटरवर पसरल्या. “ज्याची त्यानं न्या. कुलपं नको असतील तर तीही काढून देतो.” त्यांनी मान खाली घातली. बायको त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. हात पुढे आले. किल्ल्या उचलल्या जाऊ लागल्या.

“थांबा,” बाई म्हणाल्या. सगळे हात जागच्या जागी थांबले. अर्धे लोक त्यांच्याच शाळेत शिकलेले होते. “मला नीट कळू दे. ही जाहिरात होती?”

“हो बाई.”

“दुकानाची?”

“हो.”

“त्यावर दुकानाचं नाव?”

“नव्हतं.”

“नंबर?”

“नंतर टाकणार होतो. आधी उत्सुकता...”

“आम्ही खरवडल्यावर परत का लावलात?”

“मला वाटलं, समोरचा सिंहवाला काढतोय.”

“आणि आम्ही पांढरेफटक पडून तुमच्या दुकानात येत होतो तेव्हा?”

किल्लेदारांनी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. “मला वाटलं, आवडला.”

बाईंनी चष्मा काढला. एखाद्या उत्तरपत्रिकेकडे बघावं तसं त्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हातातली स्वतःची किल्ली काउंटरवर ठेवली आणि बोटानं परत त्यांच्याकडे सरकवली.

“ठेवा तुमच्याकडेच. लोकहो, तुम्हीही ठेवा. या माणसाकडे आपल्या किल्ल्या अगदी सुरक्षित आहेत. चोरी करायला डोकं लागतं.”

आधी शिंपी हसला. मग सगळा बोळ हसला, कितीतरी दिवसांनी, मोठ्यानं, रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघावं असा. किल्ल्या खणखणत परत काउंटरवर पडल्या.

किल्लेदार पांघरूण सावरत प्रत्येकाला नमस्कार करत होते. सगळे गेल्यावरही बराच वेळ करत होते.

“पाहिलंस?” त्यांनी डोळे पुसत बायकोला विचारलं. “याला म्हणतात विश्वास!”

“हो ना,” बायको तोंडाला पदर लावून म्हणाली.

मग एकेक किल्ली खिळ्याला अडकवता अडकवता मधेच त्यांचा हात थांबला.

“अगं, पण बाई नेमकं काय म्हणाल्या?”

“आधी जेवून घ्या,” ती म्हणाली. “मग सांगते.”